एकशे पंच्याण्णव मीटर

दादा,

आधी मी जाणार, हे आपल्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीसुद्धा. डॉक्टर तसं उघड कधी बोलले नाहीत, पण दुकानाच्या पायरीशेजारी माझ्यासाठी उतार बांधून घेतलास तेव्हा तू मिस्त्रीला म्हणालास, "दहा-पंधरा वर्षं टिकला तरी लई झालं." मी आत बसून ऐकत होतो. त्या उताराला अजून एक भेग नाही. मी त्याच्याकडे बघत गल्ल्यावर बसलो आहे, आणि तू पंधरा दिवसांपूर्वी दुपारी जेवून आडवा झालास तो चहाला उठलाच नाहीस. एसटीच्या रांगेत मधे घुसणाऱ्याची कॉलर धरून तू त्याला मागे न्यायचास. मग हे काय केलंस?

मी सांगतो आहे आणि वहिनी लिहिताहेत. पेन धरणं माझ्या हाताने केव्हाच सोडलं, आणि जीभही आता अर्धे शब्द गिळते. माझं बोलणं पहिल्या खेपेला कळणारी माणसं दोनच होती. त्यातला एक तू. मधूनमधून वहिनी थांबतात, पदराने डोळे पुसतात आणि "हं, सांगा भाऊजी" म्हणतात. त्या थांबल्या की मलाही दम घ्यायला मिळतो.

तेरवीला आलेल्या प्रत्येकाने तुझ्या मापाची आठवण काढली. सेलूच्या बाजारात कापड ताणून मोजणारे पुष्कळ. तू मात्र बाबांचा तो लोखंडी मीटर कापडावर हलका ठेवायचास आणि माप भरल्यावर वर चार बोटं सोडून मगच कात्री लावायचास. बाया चिडवायच्या, "सेठ, धागे मोजून राह्यले काय?" तू हसायचा नाहीस. माप म्हणजे माप, एवढंच म्हणायचास. मला तुझा हा काटेकोरपणा कधीकधी असह्य व्हायचा. ब्लाउजपीससाठी कुणी एवढा वेळ घेतं का!

तर तुझी गोष्ट मला त्या मापावरूनच सांगायची आहे. पण त्याआधी दुसरी एक सांगावी लागेल, आणि ती आपण दोघांनी मिळून इतकी वर्षं दाबून ठेवली.

मी पंचविशीत होतो. गाठ मारताना बोटं चुकायला लागली, सायकल ओळखीच्या रस्त्यावर पडायला लागली, आणि चालताना पाय हवे तिथे पडेनात. दुसऱ्या जिल्ह्यात माणूस झोकांड्या खाताना दिसला तर लोक म्हणत असतील की ऊन लागलं, चक्कर आली. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे तोल गेला की त्याचा एकच अर्थ. स्टँडवर एका हवालदाराने चारचौघांत माझं तोंड उघडायला लावून वास घेतला. वास आला बडीशेपेचा. तरी बघणारे म्हणाले, "आता वास न येनारी भेटते."

मग तो बाजाराचा दिवस. मी वर्ध्याहून कापडाचा गठ्ठा घेऊन एसटीतून उतरलो आणि बंडूच्या पानठेल्यासमोर माझा तोल गेला तो थेट एका बाईच्या वांग्यांवर. बाई ओरडली, लोक जमले. तू दुकानातून पळत आलास. मला वाटलं, उचलशील. तू उचललंसही, आणि उभं करून सगळ्यांसमोर थोबाडीत दिलीस. "बाबाचं नाव घालवलं रे तू," म्हणालास. बाबा दारूबंदीच्या सभांत पुढच्या रांगेत बसणारे. गठ्ठा स्वतःच्या खांद्यावर टाकून तू पुढे निघालास, मी मागे. पानठेल्यापासून दुकानापर्यंत दोन्ही बाजूंनी लोक बघत होते आणि मी सरळ चालून दाखवायचा प्रयत्न करत होतो. जितका प्रयत्न करावा तितका वाकडा चालत होतो.

इथे वहिनींचं पेन थांबलं. मला वाटलं, त्यांना धक्का बसला असेल. त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय. त्या दिवशी ताटावरून उठून गेलते हे. सांगा पुढं."

म्हणजे तू त्यांना सांगितलं होतंस! मला वाटत होतं, ती थप्पड फक्त आपल्या दोघांची आहे.

दोनेक वर्षांनी नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी मला नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला सांगितलं, आणि बऱ्याच तपासण्यांनंतर आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं: अ‍ॅटॅक्सिया. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजत जातो, फार थोड्या लोकांना होतो, औषध नाही. तू विचारलंस, "दारूनं होते काय हे?" डॉक्टर म्हणाले, यांचा तसा नाही, रक्तातूनच आलेला दिसतो, का, हे पितात का? तू उजवा हात डाव्या हाताखाली घेऊन बसलास. परतीच्या एसटीत तू संत्री घेतलीस आणि केळझर येईपर्यंत एकेक फोड सोलून, बी काढून मला देत राहिलास. मी खात राहिलो. मला वाटलं, आता म्हणशील. सेलू आलं.

"चुकलं" एवढा एक शब्द मला हवा होता, दादा. तो मी किती वर्षं मागत राहिलो, न बोलता. तू मला बसायला उंच खुर्ची केलीस, संडासात कठडा लावलास, चहाचा कप जड घेतलास म्हणजे हलणार नाही. आजार रक्तातला आहे हे कळल्यापासून रोज सकाळी मोरीपाशी एका पायावर उभा राहून स्वतःलाही तपासायचास, तेही मी खिडकीतून बघत होतो. बिचारा, असं वाटायचं. तरी माझ्या मनातलं ते खातं बंद होत नव्हतं.

मग ते धावण्याचं खूळ. गिऱ्हाइकाचं कापड बांधायच्या रद्दीत तुला बातमी सापडली: परदेशात कुणी आजारी माणसासाठी बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर धावतं, आणि त्यानिमित्ताने लोकांना आजार कळतो. तू कात्रण गल्ल्याच्या काचेखाली सरकवलंस आणि म्हणालास, "मी धावतो." चाळीस वर्षांचं वय, पुढे आलेलं पोट, आणि सुटलेली एसटी सोडली तर कशामागेही न धावलेला माणूस! मी पोट धरून हसलो. तूही हसलास, आणि दुसऱ्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेस.

वर्षभर तू पहाटे वर्धा रोडला पळत होतास. गावाची करमणूक झाली. "सेठ, कोन लागलं मागं?" म्हणून विचारायचे. खरं तर कुत्रीच लागायची. पहिल्या महिन्यात तू येऊन ओट्यावर असा पडायचास की वहिनी आधी तुझी नाडी बघायच्या आणि मग चहा टाकायच्या. पुढे पुढे पोट गेलं, विजारी सैल झाल्या, आणि स्वतःच्याच दुकानातून नवं कापड घेताना तू स्वतःलाही वर चार बोटं सोडलीस.

आपलं पहिलं मोठं भांडण पत्रकावरून झालं. छापखान्यातून गुलाबी कागदांचा गठ्ठा आला. वर ठळक अक्षरांत: "माझा भाऊ दारू पीत नाही." खाली आजाराचं नाव, त्याची लक्षणं, आणि शेवटी: "असा माणूस दिसला तर त्याचा वास घेऊ नका, त्याला हात द्या." मी भडकलो. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता कळेल, म्हणालो. तू म्हणालास, "कळावं म्हनूनच छापलं." मी म्हणालो, आजार माझा आहे, गुलाबी कागद तुझा कशाला? तू गठ्ठा सोडून मोजायला लागलास. राग आला की तू काहीतरी मोजायचास.

दुसरं भांडण त्याहून मोठं. सेलूहून वर्धा, वर्ध्याहून सेलू, आणि कमी पडेल ते केळझरच्या रस्त्याला जाऊन-येऊन, असा तुझा बेत. लुनाच्या काट्यावर तू बेचाळीस किलोमीटर मोजून आलास. पण लुना काही एकशे पंच्याण्णव मीटर दाखवत नाही. म्हणून धावण्याच्या आधीच्या रविवारी तू बाबांचा लोखंडी मीटर घेऊन दुकानाच्या पायरीपासून उलटा निघालास. भर रस्त्यात गुडघ्यांवर बसून मीटर ठेवायचास, खडूने खूण करायचास, पुढे सरकायचास. ट्रक थांबले, पोरं मागे लागली, कुणी म्हणालं, सेठ रोड विकून राह्यले काय. तू ओठांतल्या ओठांत आकडे मोजत बंडूच्या पानठेल्यापर्यंत गेलास, तिथे बाकड्यासमोर चुन्याची आडवी रेषा मारलीस आणि गुडघे झटकत परत आलास. "एकशे पंच्याण्णव. बरोब्बर," म्हणालास. तुझं माप पुन्हा कोण मोजणार?

मग माझ्यासमोर उकिडवा बसलास. "बेचाळीस माह्ये. त्या रेषेपासून पुढचं आपन दोघं चालू. हात धरून. तू येजो तिथं."

"मी नाई येत."

"काऊन?"

"साऱ्या गावाले दाखवायचं हाय का तुले, मी कसा चालतो ते?"

"हो. तेच दाखवायचं हाय."

तेव्हा मी ते बोललो. "तिथं एकदा दाखवलं ना तू. पुरे नाई झालं?"

त्या थपडेबद्दल आपल्यात झालेलं हे एवढंच बोलणं. तू उठलास आणि मीटर खुंटीला टांगलास. तो दोनदा खाली पडला, तिसऱ्यांदा नीट बसला.

तू धावलास तो दिवस मी पाहिला नाही, पण गावाने तो मला इतक्यांदा सांगितला की आता माझ्याच डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटतो. जानेवारीची सकाळ, वर्ध्याच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाड्या. गाडीवाले म्हणत, "सेठ, पडा ना गाडीवर, कापूस नरम हाय." एसटीच्या ड्रायव्हरने तर भरलेली गाडी बाजूला घेतली. "बसा. तिकीट नाई घेत." आपल्याकडे रस्त्याने पळणारा माणूस म्हणजे अडचणीतला माणूस, त्याला गाडीवर घेतलंच पाहिजे. तू प्रत्येकाला नमस्कार करून, थांबून, पत्रक देऊन, आजार समजावून पुढे जात होतास. पवनारला दारूबंदीच्या बायांनी पत्रकातली पहिली ओळ तेवढी वाचली आणि तुला ओवाळायला घेतलं. कुंकू लावलं, हार घातला, घोषणा सुरू केल्या. तू हात जोडून म्हणालास, "बाई, मी दारूसाठी नाई धावून राह्यलो," आणि त्या आणखी जोरात ओरडल्या. मग तू धामच्या पुलाजवळ बसून त्यांना सगळं पत्रक वाचून दाखवलंस. त्यातली एक म्हातारी रडली म्हणे. तिने आपल्या जावयाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "त्यालेबी असंच असन काय वं? आमी तं त्याले हाकलून देल्लं."

सकाळी सहाला निघालेला तू दुपारी दोनला त्या रेषेपाशी आलास. आणि थांबलास.

मी दुकानात होतो. शटर अर्धं खाली घ्यायला लावलं होतं. तुझ्या स्वागताचा ताशा ऐकू येत होता, मग तो बंद झाला. वहिनी वाकून आत आल्या. "भाऊजी, हे उभे हायेत तिथं. पाय थरथरून राह्यले त्यायचे." मी म्हणालो, "राहू द्या उभे." वहिनी माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आत्ता हे लिहितानाही बघताहेत. वहिनी, तुमचं तेव्हाचं बघणं मला अजून पुरतं आहे, आणखी नको.

तू अर्धा तास उभा होतास. लोक म्हणत होते, सेठ, दुकान समोर दिसते, चाला ना. तू हलला नाहीस. शेवटी बंडूच्या स्कूटरवर बसून दुकानात आलास, म्हणजे ते अंतर पायाखाली पडायला नको. गादीवर टेकलास, तांब्याभर पाणी प्यालास, आणि अगदी शांतपणे म्हणालास, "बेचाळीस झाले. एकशे पंच्याण्णव बाकी हाय."

त्यानंतरची वर्षं तू तेच म्हणत राहिलास. कुणी कौतुक केलं की, "पुरी कुठं झाली? बाकी हाय." दर दिवाळीला दुकानाला चुना मारून झाला की उरलेला डबा घेऊन पानठेल्यापाशी जायचास आणि रेषा नवी करून यायचास. मला चल म्हणून पुन्हा कधी म्हणाला नाहीस. मी आतून बघायचो आणि मनात म्हणायचो, आधी तू म्हण. तू माझ्या चालण्याची वाट बघत होतास, मी तुझ्या एका शब्दाची. दोघेही बाबांची पोरं.

पण दादा, त्या गुलाबी कागदाबद्दल मी चुकलो, हे आज सांगून टाकतो. कंडक्टर खाली उतरून मला हात द्यायला लागले. स्टँडवर कुणी माझा वास घेतला नाही. आणि एक दिवस कारंज्याकडचा एक शेतकरी भिंत धरत धरत आपल्या दुकानात आला. त्याच्या खिशात तो कागद होता, घड्यांवर फाटलेला. बायको माहेरी गेली होती, तो पितो म्हणून. तू त्याला नागपूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलास आणि मग त्याच्या सासुरवाडीलाही. मला मात्र एवढंच म्हणालास, "तुह्यासारखाच हाय. पन तुह्यापेक्षा कमी भांडते." बायको परत आली. त्याच्या घरून येणारी तुरीची डाळ आपण अजून खातो आहोत. तुला मी कधी म्हटलं नाही, पण तो माणूस दुकानातून गेल्यावर मी शटरकडे तोंड करून बराच वेळ रडलो होतो.

तेरवी झाली, पाहुणे गेले. काल सकाळी मी वहिनींना म्हणालो, मला पानठेल्यापाशी न्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीतून मला रेषेपर्यंत नेलं, वॉकर पुढ्यात ठेवला. मग माघारी दुकानात गेल्या आणि बाबांचा मीटर घेऊन आल्या. मी म्हणालो, हे कशाला? म्हणाल्या, "मोजून चाला. ह्यायले अंदाजाचं चालत नव्हतं."

मी चाललो, दादा. वॉकर पुढे टाकायचा, एक पाय, मग दुसरा, मग थांबायचं. वहिनी रस्त्यावर बसून मीटर ठेवत होत्या, उठत होत्या, पुन्हा बसत होत्या. पांढरी साडी धुळीने भरली. बंडू माझ्यामागे बाकडं उचलून येत होता, मी पडलो तर टेकायला. दोन्ही बाजूंनी लोक उभे होते. मी वाकडाच चालत होतो, पण या वेळी सरळ चालून दाखवायचं नव्हतं. दीड तास लागला. पायरीला वॉकर लागला तेव्हा वहिनी मीटर हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

"किती?" मी विचारलं.

"एकशे त्रेसष्ट."

"चुकलं असेल मोजताना."

"नाई चुकलं. मी ह्यायच्या हाताखाली मोजलं हाय आतापर्यंत."

बत्तीस मीटर कमी. ज्या माणसाने जन्मात कुणाला बोटभर कमी दिलं नाही, त्याच्या मापात बत्तीस मीटर कमी! एकशे पंच्याण्णव मोजले असते तर रेषा पार स्टँडच्या फाटकापाशी गेली असती. मी वळून बघितलं. रेषा बंडूच्या बाकड्यासमोर होती. वांगी सांडली होती तिथे. जिथे तू मला उभं केलंस आणि मारलंस, बरोबर तिथे.

तू माप चुकला नव्हतास. त्या दिवशी जे अंतर तू पुढे आणि मी मागे असं चाललो, ते तुला माझा हात धरून, सगळ्यांदेखत, पुन्हा चालायचं होतं. मी ज्या शब्दाची वाट बघत होतो तो तू दर दिवाळीला रस्त्यावर लिहून येत होतास, आणि मी आत बसून तुझं माप बरोबर आहे असं धरून चाललो होतो. मी तुला केव्हाच माफ केलं होतं रे. त्या संत्र्याच्या फोडींतच. फक्त सांगितलं नाही. आता तू मला माफ कर, त्या अर्ध्या तासासाठी.

पायरीवर बसून वहिनी साडीची धूळ झटकत होत्या. झटकता झटकता म्हणाल्या, "भाऊजी, दिवाळीले मीच मारीन रेषा. पन मंग नीट मोजून मारू काय, फाटकापाशी?"

"नाही," मी म्हणालो. "दादाने काढली तिथंच काढा."